तीन बोटं

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलणार नाहीस म्हणून लिहिते आहे. पत्ता जुनाच धरला आहे. बदलला असेल तर हे पत्र परत येईल, आणि त्याचंही मला फार वाईट वाटणार नाही.

परवाच्या स्पर्धेबद्दलची तुझी लेखी हरकत समितीने माझ्याकडे पाठवली. लांब उडीच्या फळीवर पंच म्हणून मी बसले होते, तेव्हा दहा दिवसांत माझं म्हणणं लेखी द्यायचं आहे. ते मी देईनच. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून थोडक्यात लिहिते. तुझ्या शिष्येची, तू जिला नाकतोडी म्हणतेस तिची, सहावी उडी फाउल होती. बूट फळीच्या पुढे गेला, मी लाल बावटा वर केला. पंचाचं काम तेवढंच असतं.

हरकतीत तू लिहिलं आहेस, "फळीपुढच्या मेणाच्या पट्टीवर बुटाचा ठसा उठला होता की नाही, हे खेळाडूला न दाखवता पंचाने पट्टी तत्काळ पुसून टाकली." पुसली, हे खरं आहे. पण ठसा खेळाडूला दाखवल्याशिवाय पट्टी पुसायची नाही, असं नियमांच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. ती आपल्या मैदानाची पद्धत आहे, आणि ती यांनी घालून दिली हे मला तू सांगायला नको. ऊन होतं, मेण मऊ पडलं होतं, पुढची मुलगी तयार उभी होती. हातात पट्टी सारखी करायची पात होती, हात चालला.

तू कठड्यावरून ओरडलीस, "ताई, पट्टी दाखव!" सहा वर्षांत तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सगळं मैदान वळून बघत होतं.

तुझ्या ओरडण्याने वाळू ओढणारा थांबला, मुख्य पंच आले आणि हरकतीवर निर्णय व्हायचा म्हणून उडी मोजून ठेवली. सहा मीटर एक्केचाळीस. माझी सहा अडतीस आहे, सत्तावीस वर्षं झाली. मोजताना मी तिकडे बघितलंसुद्धा नाही, असं तू सांगत फिरते आहेस म्हणे. मी बावटे गुंडाळत होते.

मोठ्या स्पर्धेच्या निवडीला सहा चाळीस लागते आणि यादी महिनाअखेरीला बंद होते, हे मला माहीत आहे. त्याचा फाउलशी संबंध नाही.

कळावे.
ताई


८ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. मी वाटही बघत नव्हते, पण दुपारी टपाल आलं की उठून बघून येते, एवढं खरं.

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. पुढची मुलगी तयार उभी होती, असं लिहिलं. तोपर्यंत सगळ्यांत पुढे तीच होती, म्हणजे शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी तीच उडी मारणार. तिच्यामागे कुणीच नव्हतं. हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात पाकीट टपालपेटीत टाकल्यावर आलं.

मी अजून त्याच वीज कार्यालयात, त्याच तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, पोचपावती फाडून द्यायची, "माणूस पाठवतो" म्हणायचं. आता माझ्याविरुद्धची तक्रार माझ्या पर्समध्ये आहे आणि जेवणाच्या सुट्टीत मी ती डब्याशेजारी ठेवून वाचते. पाठीमागच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे. मी हवेत, हात पुढे, तोंड उघडं. नोकरी त्या उडीवर मिळाली. नवे साहेब आले की मला फोटोखाली उभं करून पाहुण्यांना दाखवतात. काल शिपाई फडकं घेऊन स्टुलावर चढला आणि वरूनच म्हणाला, "मॅडम, काच आज पुसू, की थांबू? फोटो राहणार की जाणार ते कळलं म्हणजे एकदाच काय ते करतो." सगळे हसले. मीही हसले. मग दुपारी त्याने लावलेल्या फायलींत मी चार चुका काढल्या. त्यातल्या दोन नव्हत्याच.

ही पत्रं मी कशासाठी लिहिते आहे ते आता लिहिते, नाहीतर राहून जाईल.

हे ऑक्टोबरात गेले. तू आलीस, दाराशी उभी राहिलीस आणि मी बाहेर यायच्या आत निघून गेलीस. यांच्या टेबलाला मी जानेवारीपर्यंत हात लावला नव्हता. मग एका रविवारी आवरायला काढलं. औषधांच्या चिठ्ठ्यांखाली एक वही निघाली. पाच वर्षांची वही. प्रत्येक गुरुवारची तारीख, धाव किती लांबून, वारा कुठून, शेवटचं पाऊल कसं. पानाच्या वर एकच अक्षर, ना.

गुरुवारी हे पाय मोकळे करायला जायचे. साडेपाच ते साडेसात. डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं. मी दारात उभी राहून मफलर द्यायची. बुटांत वाळू निघायची आणि मला वाटायचं, रस्त्याचं काम चाललंय. कसली बावळट मी! आयुष्याची अकरा वर्षं ज्या वाळूत काढली, ती घरात आली तर ओळखली नाही.

दुसऱ्या एखाद्या बाईची चिठ्ठी सापडली असती तर निदान कुणाजवळ तरी रडता आलं असतं. हे कुणाला सांगणार? माझ्या नवऱ्याने माझा विक्रम मोडायला शिकवलं, आणि माझ्या बहिणीने ते माझ्यापासून पाच वर्षं लपवलं.

ते लपवावं का लागलं, तेही मला माहीत आहे. तू तिला पहिल्यांदा आमच्याकडे आणलंस तेव्हा तेरा वर्षांची होती. काड्यांसारखे पाय, दोन्ही गुडघे खरचटलेले. हे जेवत होते. ताटावरून उठले, खाली रस्त्यावर तिला दोनदा धावायला लावलं आणि वर येऊन नुसतेच उभे राहिले, हात न धुता. यांचा तो चेहरा मला ठाऊक होता. एकेकाळी तो माझ्यासाठी असायचा. तुला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मी म्हणाले, "तुला स्वतःला जमलं नाही, ते आता भाड्याच्या पायांनी करणार का?" तू तिचा हात धरून जिना उतरलीस. पाच नव्वदच्या पुढे तू कधी गेली नाहीस, आणि ते तुला लागेल अशाच ठिकाणी मी मारलं.

वहीत मागच्या मे महिन्यात एका ठिकाणी "सहज" असं लिहून खाली रेघ ओढली आहे. माझ्या वह्याही त्याच कपाटात आहेत. मी दोन दिवस रजा काढून त्या सगळ्या वाचल्या. "जोर फार." "मान वर." "पुन्हा जोर." विक्रमाच्या दिवशी, "६.३८. उतरताना घाई." सहज हा शब्द अकरा वर्षांत एकदाही नाही.

वही सापडल्यापासून एकोणीस दिवसांनी स्पर्धा होती. पंचाचं काम मी नाकारू शकत होते. फळीवरची जागा मी मागून घेतली.

तरीही उडी फाउल होती.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

आज ती खिडकीवर आली होती. तू पाठवलीस का? मला वाटत नाही. तू पाठवली असतीस तर ती रांगेत उभी राहिली नसती.

सकाळची गर्दी होती. मी मान खाली घालून सवयीने म्हणाले, "ग्राहक क्रमांक?"

"ग्राहक क्रमांक नाही, मॅडम. एक विचारायचं होतं."

वर बघितलं तर ही. पाठीवर बुटांची पिशवी. जवळून बघितलं तर अजून लहानच दिसते. मागचा म्हातारा लगेच म्हणाला, "विचारायचं असेल तर पलीकडे चौकशी आहे. इथे तीन दिवस अंधारात बसलेली माणसं उभी आहेत." तिने त्याला, "आजोबा, एकच मिनिट," म्हटलं आणि खिडकीला नाक लावून मला विचारलं, "त्या दिवशी माझा बूट किती पुढे गेला होता?"

मला कळेना, ही भांडायला आली आहे की काय.

"तुझ्या बाई तर म्हणतात गेलाच नव्हता."

"बाई लांब होत्या. सर सांगायचे, फळीचं फक्त फळीवर बसलेल्याला दिसतं, बाकी सगळे अंदाज. म्हणून तुम्हालाच विचारते. किती ते कळलं तर धावेची खूण तेवढी मागे घेईन. पाय बरोबर पडला असं मला वाटलं होतं. म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय ना?"

ती रागावलेली नव्हती, धाकटे. तिला माझा बावटा खरा वाटत होता. त्या सगळ्या मैदानात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच.

मी म्हणाले, "तीन बोटं."

तिने हात वर करून स्वतःची तीन बोटं जुळवून बघितली. "एवढं? बाप रे." पिशवीतून छोटी वही काढली, लिहून घेतलं आणि, "थँक्यू मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून बरं झालं," म्हणून गेली. म्हातारा म्हणाला, "झालं का? आता आमचा खांब बघा."

दिवसभर काम केलं. घरी येऊन तुला लिहिते आहे, आणि अजून ठरवलेलं नाही की हे पत्र पाठवायचं की नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

परवाचं पत्र पाठवलं नव्हतं, ते याच पाकिटात आहे. आधी ते वाच.

तीन बोटं का, हे तुला सांगते. एक बोट म्हटलं असतं तर तिने मनावर घेतलं नसतं. वीतभर म्हटलं असतं तर तिला खोटं वाटलं असतं. तीन बोटं म्हणजे पाच सेंटिमीटर. तेवढी खूण मागे गेली की पाय फळीच्या तेवढाच अलीकडे पडणार, आणि उडी मोजतात ती फळीच्या कडेपासून. सहा एक्केचाळीसमधून पाच वजा कर. छत्तीस येतात. हा हिशेब मी खिडकीत बसून, तिच्या तोंडाकडे बघत, एका श्वासात केला. रोजच्या कामात बेरजा करायला मला कॅल्क्युलेटर लागतो.

आता त्या दिवशीचं लिहिते. एकदाच लिहीन.

ती येताना मला आधी ऐकू आली. चांगल्या धावेचा एक आवाज असतो, ठोके हळूहळू जवळ येतात आणि शेवटचे दोन एकमेकांना चिकटतात. तो आवाज मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या पायांचा ऐकला नव्हता. मला वाटलं, मीच येते आहे. मग बूट पडला. फळीच्या पुढच्या कडेला, आणि कडेच्या अलीकडे. एक बोट जागा शिल्लक होती. मेणाला काही लागलं नव्हतं. सकाळी पात फिरवली होती तशीच गुळगुळीत पट्टी. ती वाळूत उतरण्याआधीच मला कळलं होतं की माझी उडी गेली. दोन्ही बावटे मांडीवर होते. मी लाल उचलला. नजरचूक नाही, ऊन नाही. बघून उचलला.

आणि मग पट्टी पुसली. पुसायला त्यावर काही नव्हतं, म्हणूनच पुसली. मोबाईलवर कुणीतरी काढलेलं चित्रण समितीकडे आहे, पण त्यात फळीसमोर माझी पाठ आहे. मी गप्प बसले तर कुणालाही काहीही सिद्ध करता येणार नाही. हे मी इतके दिवस स्वतःला सांगते आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्या विचाराने मला झोप चांगली लागत होती.

काल सकाळी मी मैदानाच्या मागच्या रस्त्याने कामावर गेले. तू सांगत होतीस आणि ती मान हलवत होती. तिने धाव घेतली. खूण मागे गेली आहे, हे मला दुसऱ्या पावलाला कळलं. पाच वर्षांचे गुरुवार घालून यांनी ती खूण बसवली होती. मी ती एका शब्दाने हलवली. तू सांगूनही ती तुझं ऐकत नव्हती. ऐकत होती माझं.

यांच्यावर मी अजून रागावलेली आहे. तुझ्यावरही. पण यांचं शेवटचं काम म्हणून जगात जे काही उरलं आहे ते त्या मुलीच्या धावेत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. घरात तर नाहीच. घरात कपडे आहेत.

समितीला मी उद्या जाऊन लेखी देणार आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ते त्यांच्या वेळेने होईल. तू मात्र हे पत्र मिळाल्याबरोबर तिची खूण होती तिथे ने. चौतीस मीटर दहा. समोरून वारा असेल तर एक पाऊल पुढे. वहीत तसं आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तिचं उत्तर खाली देते. आधी समितीचं सांगते, कारण तुला फक्त निकाल कळला असेल.

तिघे जण होते. मधले ते, आपल्या वेळी गोळा फेकायचे ते. आता मानेला पट्टा लावतात. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, माझा कागद वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"बाई, तुम्ही दुःखात आहात. सर जाऊन चारच महिने झाले. त्या दिवशी तुमचं चित्त थाऱ्यावर नसेल."

"होतं," मी म्हणाले.

"आम्ही नजरचूक असं लिहू शकतो. उडी ग्राह्य धरतो, मुलीची निवड होते, तुम्ही प्रकृतीच्या कारणाने पंचमंडळातून मोकळ्या होता. कुणाचंच काही वाईट नाही. घ्या की सांभाळून."

तू खरं विचारशील तर मला ते हवं होतं. अर्धं मिनिट तरी मी खिडकीबाहेर बघत बसले. मग ती बोटं जुळवून बघणारी पोर आठवली. नजरचूक म्हटलं की तिला सांगावं लागणार, अगं, दिसण्यात गफलत होते कधीकधी. म्हणजे पुढच्या प्रत्येक फळीवर तिला वाटणार, आपला पाय कुठे पडतो ते नक्की कुणालाच कळत नाही.

"नजरचूक नव्हती," मी म्हणाले. "मला स्वच्छ दिसलं होतं."

लिहून घेणारा कारकून म्हणाला, "मग कारण काय लिहू, मॅडम? रकाना आहे, रिकामा ठेवता येत नाही."

"हेवा लिहा."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे. "एकच शब्द?" कारकून म्हणाला.

"तेवढ्यात मावतंय."

त्याने लिहिला. अक्षर चांगलं होतं त्याचं.

उडी ग्राह्य झाली हे तुला माहीत आहे. पंचमंडळातून मला काढून टाकलं. राजीनामा देते म्हटलं तर म्हणाले, तो मान आता देता येणार नाही. बरोबर आहे त्यांचं. विक्रमांच्या तक्त्यात बदल झाला तो मी वर्तमानपत्रात वाचला. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं असं ऐकून होते. मला वाटलं नाही. मला वाटलं, माझ्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती मी स्वतःच्या हाताने दिली, ती पण कुणाला, तर जिला ती न मागता मिळतच होती.

आता तुझी चिठ्ठी. तू लिहितेस, खूण जागेवर नेली, पण फळी जवळ आली की तिचा पाय कचरतो. शेवटच्या दोन पावलांत ती आखडते. फाउल नाही म्हटलं तर म्हणते, बाई, तुम्ही लांबून बघता. "तेव्हा तू येऊन फळीवर बस. बाकी कशाबद्दल बोलायचं नाही." एवढंच लिहिलं आहेस. खाली नावही नाही.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहू? आनंद झाला. ती आखडते हे वाचून. मोठ्या स्पर्धेत जाऊन पाच नव्वद मारून परत येईल, मग लोक म्हणतील ती एक्केचाळीस वाऱ्याने गेली होती. हा विचार किती वेळ टिकला ते मी घड्याळात बघितलं नाही, पण चहा निवला.

मी येते. शनिवारी, सकाळी साडेसहाला. गुडघ्यामुळे मला जमिनीवर बसता येत नाही, एखादी खुर्ची ठेव. मी तुझ्या शिकवण्यात तोंड घालणार नाही. तिची माफी मात्र मला मागायची आहे. ती मी मागीन, तू मध्ये पडू नकोस आणि समजूतही काढू नकोस, माझी किंवा तिची.

एक तुला माहीत असायला हवं, कारण मला आता तुझ्याशी लपवाछपवी जमणार नाही. मला ती मुलगी आवडत नाही. पुढे आवडेल असंही मी लिहून देत नाही. तिची प्रत्येक उडी बघताना मला आधी वाटेल की पाय पुढे जावा. ते वाटणं माझ्या हातात नाही, मी बघितलं आहे. तोंड हातात आहे.

तेव्हा पाय पडला की मी सांगेन. बोटभर अलीकडे, दोन बोटं अलीकडे, बरोबर कडेवर. पुढे गेला तर पुढे गेला म्हणेन आणि तिला वाकून बघायला लावीन. ती मला खरं मानेपर्यंत सांगत राहीन. तिचं वय बघता शंभर उड्या लागतील, जास्तही लागतील. मोठ्या स्पर्धेला अजून पाच आठवडे आहेत. मी रोज येईन.

ताई